बाहेरची कडी

"तुझ्या ह्या वेलाक वळण नाय गो रुक्मिणी! काल पत्र्यार चढलो, आज खिडकीत इलो. उद्या माझ्या चुलीर येऊन बसतलो!"

कुंदा हातात कोयती घेऊन बांधावर उभी होती. दसरा होऊन गेलेला. पावसाने पाठ फिरवली आणि उन्हाने डोंगर ताब्यात घेतला. लाल मुरूम तव्यासारखा तापत होता. रुक्मिणी भेंडीच्या ओळीत वाकून तण उपटत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

"वेलाक तुझो पत्रो काय नि माझो पत्रो काय? ऊन दिसला थंय गेलो."

"मगे ऊन तुझ्याकडेच ठेव."

"गणपतीक पडवळाची भाजी खाल्लंस, तेव्हा नको म्हणूक नाय तू!"

"शिरा पडो तुझ्या पडवळार!" असं म्हणून कुंदाने कोयती चालवली. एका घावात वेल तुटला. पानं, फुलं, बोटाएवढी कोवळी पडवळं, सगळं भरभर भिंतीवरून खाली आलं.

वेल पडला आणि कुंदाच्या घराची मागची खिडकी उघडी पडली. मागच्या खोलीची, जेमतेम हातभर. तिला आतून फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा ठोकलेला होता. पुठ्ठ्याच्या कडेला एक फट राहिली होती, आणि फटीत काहीतरी हललं.

कुंदा चटकन खिडकीला आड होऊन उभी राहिली.

रुक्मिणी आता सरळ झाली. हातातलं तण तिने खाली टाकलं. "तुझी सून अक्षता कधी येतली गो म्हायेरसून?"

"येतली. तिका बरा नाय. थंय आवस-बापूस बगतत तिका."

"आणि बाळ हंय?"

"बाळाक तिचा दूध सोसणा नाय."

"कुंदा..."

"येडेक दुसऱ्याच्या घरची चौकशी कित्याक व्हयी?" कुंदा ओरडली, पण ओरडता ओरडता तिचा आवाज मधेच चिरकला. ती वळली आणि तरातरा घरात गेली. आत तिचा नातू रडायला लागला होता.

उंबरवाडी म्हणजे भांडुपच्या डोंगराच्या कुशीत अडकलेलं एक कोकणी गावच. गिरण्या होत्या तेव्हा एकाच गावची माणसं एकामागून एक आली, खाली जागा मिळेना म्हणून वर चढली. दगड फोडले, घमेल्यांनी माती वर आणली, घर बांधलं आणि घरामागे हातरुंद वाफे काढले. गिरण्या गेल्या, वाफे राहिले. आता पोरं कुठे मॉलमध्ये, कुठे कुरियरला. पण बायका अजून भेंडी, अळू, पडवळ, वाल लावतात आणि सकाळी पाट्या घेऊन स्टेशनाकडे उतरतात. वरून बघितलं तर नाहूरचे टॉवर दातांसारखे उभे, त्यांच्यापलीकडे मुलुंडची मिठागरं चमकत असतात. खालून वर बघितलं तर मात्र फक्त निळे प्लास्टिकचे कागद दिसतात. वाडीतलं काही खालच्यांना दिसत नाही, आणि वाडीला ते बरं वाटतं.

रुक्मिणी तुटलेला वेल गोळा करत राहिली. कान मात्र भिंतीकडे. आत पावलं वाजत होती. पावलं, मग वळण, परत पावलं. लहान खोलीत चालणाऱ्या माणसाच्या चालण्यापेक्षा वळणंच जास्त ऐकू येतं. रुक्मिणीला ते वळणं ओळखीचं होतं.

तिचा नवरा अपघातात गेला, त्या वर्षी तिच्या कानात माणसं बोलू लागली होती. आधी हळू, मग दिवसभर. ती पाटी घेऊन बाजारात गेली आणि भाजी लोकांच्या अंगावर फेकली. देव झाले, धुपारे झाले, अंगारे झाले. मग दिराने तिला बकऱ्यांच्या गोठ्यात नेऊन खांबाला बांधली. "थोडे दिवस गो वयनी, मगे सोडूया." एक पावसाळा आला नि गेला, दुसरा आला. शेवटी पोरांना डोस पाजायला आलेल्या एका नर्सबाईला गोठ्यात बकऱ्यांच्या डोळ्यांमध्ये माणसाचे डोळे दिसले. त्यानंतर इस्पितळ, गोळ्या, आणि हळूहळू परत हे वाफे. दीर आता गावी असतो. गोठ्याच्या जागी रुक्मिणीने अळू लावलंय. अळू तिथे फार माजतं.

त्या दिवशी भेंडीला पाणी घालताना तिने भिंतीजवळ तोंड नेलं आणि दळणाच्या चालीत, ऐकणाऱ्याला वाटावं की बाई आपली कामाला लागलीय, अशी ओवी धरली:

*वेल गं पडवळीचा चढला भिंतीवरी,*
*आत कोण जागं राही, बाहेर मी गं खरी.*

आतली पावलं थांबली. मग पुठ्ठ्यावर आतून नख फिरल्यासारखं झालं, अगदी हलकं.

क्षमा आणि गंधाली श्रावणापासून वाडीत येत होत्या. मनाच्या आजारांवर अभ्यास करणाऱ्या कुठल्याशा संस्थेच्या. क्षमा चाळिशीची, चष्म्यातून माणसाकडे नीट बघणारी. गंधाली पोरगेली, पायऱ्या चढताना धापा टाकणारी आणि धापा टाकत बोलणारी. क्षमाचं म्हणणं होतं, आजवर असे अभ्यास लोकांवर झाले, हा लोकांबरोबर करायचा. जी माणसं स्वतः आजारातून गेलीत, त्यांनीच सांगायचं काय विचारायचं, कसं विचारायचं. नर्सबाईच्या ओळखीने त्या रुक्मिणीपर्यंत पोचल्या आणि रुक्मिणी त्यांच्यातली एक झाली.

वाडीत हशा पिकला. नळावर विमला म्हणाली, "आता येडी बरी झाली नि डॉक्टर झाली. उद्या आमका सुई मारतली!"

"तुका सुई नको गो विमला, तुका कुलूप व्हया तोंडाक," रुक्मिणी म्हणाली. बायका खळखळून हसल्या. विमलाही हसली.

वेल तुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोघी रुक्मिणीच्या ओट्यावर बसल्या होत्या. गंधाली प्रश्न वाचून दाखवत होती. "'घरातल्या कोणाच्या वागण्यात अलीकडे बदल जाणवला का?' हा झकास आहे ना काकी? साधा आहे."

"कोणाक विचारतलंस?"

"घरात जो भेटेल त्याला."

"जो भेटतलो तो 'नाय' म्हणतलो. दार लावणारो कधी सांगीत काय, मी दार लावलंय म्हणान?"

"मग काय विचारू?"

रुक्मिणीने शेजारच्या भिंतीकडे बघितलं. "विचार, मागल्या खोलयेची कडी खंयच्या बाजूक आसा? आतसून काय भायरसून?"

गंधाली हसली. मग तिचं हसू ओसरलं. क्षमाने चष्मा काढला आणि ओढणीने पुसत राहिली.

"माझ्या शेजारच्या घराची भायरसून आसा," रुक्मिणी म्हणाली. "दशरथाची नि कुंदाची सून. अक्षता. बाळंत झाली, मगे तिका झोप येयना. बाळ माझा न्हय, कोणीतरी बदलल्यान म्हणाक लागली. एकदा बाळाक घेऊन पाइपलाइनीर जाऊन उभी ऱ्हवली. तेव्हापासून आत आसा. सगळी वाडी म्हणता म्हायेराक गेली. सगळ्या वाडीक म्हायत आसा खंय गेली ती."

"पोलिसांना सांगितलं कोणी?"

"मी गेलंय चौकीर. साहेबान सगळा ऐकून घेतल्यान. मगे विचारल्यान, 'काकी, तुम्ही स्वतः गोळ्या घेता ना?' मी व्हय म्हटलंय. मगे तेनी माका चाय पाजल्यान नि घराक पाठवल्यान."

गंधाली उठूनच उभी राहिली. "ताई, आपण आत्ता जाऊया. आत्ता!"

"बस खाली," क्षमा म्हणाली. ती भिंतीकडे बघत होती. "मी दशरथकाकांशी बोलते. पण रुक्मिणीताई, थोडा धीर धरा. वाडीच्या मंडळाची परवानगी अजून हातात नाही. आज भांडण झालं तर वाडीतली सगळी दारं आपल्याला बंद होतील. मग तिच्यासाठीही काही करता येणार नाही."

"ताई, बंद एकच दार आसा. बाकीची उघडीच आसत."

क्षमाने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि उठली.

दशरथ हा वाडीचा आवाज. रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, ताठ, पांढऱ्या मिशांचा. वाडीत काही नवं सुरू व्हायचं असलं की देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं तोच घालायचा. गावच्या देवळातला एक पाषाण पहिल्या पिढीने पिशवीत घालून आणला होता आणि उंबराखाली बसवला होता. त्याच्यासमोर दशरथाने "बा देवा म्हाराजा" म्हटलं की कामावर निघालेला माणूससुद्धा पायरीवर थांबायचा.

क्षमा मंडळाच्या खोलीत त्याला भेटली. त्याने चहा मागवला, खुर्ची पुसून दिली.

"तुमचा काम चांगला आसा बाई. आमी आड येवचे नाय. पण ती रुक्मिणी नको."

"काका, तिच्यासारख्यांसाठीच तर..."

"तिच्या तोंडातसून वाडीची गोष्ट भायर गेली तर आमच्या चेडवांची लग्ना कोण करीत? लोक म्हणतले, ह्या वाडीत येड आसा. तुमी जातलास निघून. आमका हंयच ऱ्हवाचा आसा." तो हळू बोलत होता, समजावल्यासारखा. "रयवारी देवाक नारळ ठेवूया. सगळी वाडी येतली. तेव्हा ती नको."

"आणि तुमची सून?" क्षमाने विचारलं. "कशी आहे?"

"म्हायेरा आसा." त्याने कप खाली ठेवला. "आणखी काय विचारूचा आसा?"

क्षमाने मान खाली घातली. चहा संपवून ती उठली.

शनिवारी क्षमा वाफ्यांवर आली. रुक्मिणी तुटलेल्या वेलाच्या बुंध्याला शेण लावत होती.

"उद्या तुम्ही नाही आलात तर बरं होईल," क्षमा म्हणाली. "फक्त उद्या. एकदा परवानगी मिळाली की तुम्ही आहातच. आणि अक्षताचं मी सोडलेलं नाही, खरंच नाही. थोडे दिवस द्या मला."

रुक्मिणीने हात मातीला पुसले.

"माझ्या दिरानपण असाच सांगल्यान होता, ताई. थोडे दिवस."

क्षमाने पिशवी खांद्यावर अडकवली. मग पायऱ्या उतरून गेली.

रविवारी सकाळीच येऊरच्या बाजूने आभाळ काळं झालं; पण पडेना. हवा घट्ट झाली होती. उंबराखाली सगळी वाडी जमली. म्हातारे पुढे, बायका एका बाजूला, पोरं कठड्यावर. कुंदा नातवाला खांद्यावर घेऊन बायकांत उभी होती. तिचा मुलगा, अक्षताचा नवरा नितेश हेल्मेट हातात धरून कडेला, कधीही निघून जाता येईल असा. गंधालीने फोन स्टुलावर ठेवून रेकॉर्डिंग लावलं. वाडीची संमती वाडीच्या तोंडून नोंदवून घ्यायची होती.

दशरथाने नारळ ठेवला. हात जोडले. आणि त्याचा तो भरदार आवाज उंबराच्या पानांत शिरला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही जी शिकलेली लेकरा तुझ्या दारात इली हत, तेंचा काम मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या कामान वाडीचा भला होवंदे. वाडीर कोणाची वाकडी नजर असात, ती तुझ्या पायाखाली घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांचा एक आवाज. क्षमाच्या अंगावर काटा आला. ती गंधालीच्या कानात म्हणाली, "ऐकलंस? आपल्या सगळ्या सह्यांपेक्षा ही संमती मोठी." गंधालीने मान हलवली नाही. ती पायऱ्यांकडे बघत होती.

पायऱ्यांवरून रुक्मिणी उतरत होती. धुतलेलं नऊवारी, केस चापून बांधलेले, हातात नारळ. कोणाकडे न बघता ती पाषाणापर्यंत आली आणि दशरथाच्या नारळाशेजारी तिने आपला नारळ ठेवला.

"ह्या काय गो?" दशरथ म्हणाला. "बायलमानसान गाऱ्हाणा घालूचा नसता!"

"तुमका नाय घालणंय, भावोजी. देवाक घालतंय." तिने हात जोडले, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा!"

आता असं आहे की, गाऱ्हाणं कोण घालतंय हे बघून वाडी उत्तर देत नाही. जन्मल्यापासून आईच्या कडेवर जे ऐकलं, ते कानातून सरळ तोंडात येतं. मधे डोकं लागत नाही. आणि एकदा सुरू झालेलं गाऱ्हाणं मधेच तोडलं तर त्याचा दोष ऐकणाऱ्याच्या घरात जातो, हे तिथल्या पोरालाही माहीत.

"व्हय म्हाराजा!" वाडी म्हणाली.

"ह्या डोंगरार आमची मानसा इली. दगडार माती घातली, मातयेत बी घातला, ता तू राखलंस म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्याच वाडीत एक बायल येडी झाली. तिका बकऱ्यांच्या गोठ्यात बांधली. ती बोंब मारी, ती सगळ्यांक आयकाक येय म्हाराजा!"

कठड्यावरची पोरं आपल्या बापांकडे बघू लागली. उंबराचं एक पिकलेलं फळ पत्र्यावर पडलं. मग बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारा आवाज आला, विमलाचा. "व्हय म्हाराजा." आणि तिच्यामागे दोन-चार.

"बांधणारी मानसा वायट नव्हती म्हाराजा! ती भियाली होती!"

"व्हय म्हाराजा!!" या वेळी पुरुषही ओरडले. सगळ्यात जास्त आवाज त्यांचाच होता. किती वर्षं हे कोणी म्हणावं म्हणून थांबल्यासारखे.

रुक्मिणीने डोळे उघडले नाहीत. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. अंगाईला उतरतो तसा.

"आज परत एक चेडू भिंतीआड आसा म्हाराजा. ता म्हायेराक जाऊक नाय. तेच्या दाराची कडी भायरसून आसा म्हाराजा..."

दशरथाचे जोडलेले हात तसेच होते, पण बोटं पांढरी पडली होती. नितेश जमिनीकडे बघत होता. देवासमोर गाऱ्हाणं अर्धं लोंबकळत होतं आणि ते पुरं करायला कोणाचंही तोंड उघडत नव्हतं. खोटं "व्हय" म्हणायची वाडीला सवय होती. पण खरं "व्हय" म्हणायची देवासमोर कोणाची छाती नव्हती.

कुंदाच्या खांद्यावरचं बाळ चुळबुळलं. रोज दोन वेळा ताट घेऊन त्या दाराशी जाणारी तीच. कडी काढणारी, कडी लावणारी तीच. लावताना पोरगी आतून "आई" म्हणायची, ते ऐकणारी तीच. कुंदाचे ओठ हलले. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही.

मग फुटला.

"व्हय म्हाराजा."

एकटीचा. पण सगळ्यांना ऐकू गेला. फोनलाही.

तिने बाळ विमलाच्या हातात दिलं, पदर खोचला आणि चालू लागली. रुक्मिणी तिच्यामागे. मग बायका, मग पोरं, मग क्षमा, धावत, पायऱ्यांना ठेचकाळत. उंबराखाली दशरथ उभा राहिला. त्याच्या पाठीमागे वाडी नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं.

कडीला तार गुंडाळली होती. कुंदाच्या हाताला ती सुटेना. रुक्मिणीने तिचे हात बाजूला केले नाहीत. वाट बघत राहिली. तार सुटली.

आत तांदळाच्या पोत्याला टेकून अक्षता बसली होती. उवा झाल्या म्हणून कुंदाने केस कापले होते, ते वेडेवाकडे वाढलेले. उजेड आला तशी तिने हातांनी तोंड झाकलं. मुतारीचा आणि शिळ्या भाताचा वास दारातल्या बायकांना लागला आणि एकदोघी मागे सरल्या.

नितेश पुढे आला. "आई, मी सांगत होतो ना तुला, डॉक्टरकडे नेऊया म्हणून..."

"काय सांगी होतंस?" कुंदा गर्रकन वळली. "सांग! आता सगळी आसत, तेंच्यासमोर सांग!"

तो हेल्मेट या हातातून त्या हातात घेत राहिला.

रुक्मिणी आत जाऊन जमिनीवर बसली. अंगाला हात लावला नाही, काही समजावलं नाही. बऱ्याच वेळाने अक्षताने बोटांच्या फटीतून बघितलं. घसा बसलेला, शब्द खरवडून निघाले.

"वेल कोणी कापला?"

दारात उभ्या कुंदाने तोंडात पदर कोंबला.

"खोड जिता आसा गो," रुक्मिणी म्हणाली. "मी बगलंय."

क्षमाने त्यानंतर जे जे करता येईल ते सगळं केलं. फोन लावले, रिक्षा वर येईल तिथपर्यंत आणली, इस्पितळात खाट मिळेपर्यंत उभी राहिली. नितेशने अक्षताला पाठुंगळी घेऊन पायऱ्या उतरवल्या. घरोघरीच्या दारांत माणसं उभी होती. ती जवळ आली की मान वळवत होती. अर्ध्या वाटेत पाऊस आला, जाता जाता मारलेल्या थपडेसारखा, आणि लगेच गेला.

आठवड्याने मंडळाची बैठक झाली. वाडीची बदनामी झाली, अभ्यास नको, असं ठरलं. संस्थेतल्या मोठ्या लोकांनीही विचार केला की जिथे वस्तीचं सहकार्य नाही तिथे काम कसं चालणार. काम मुलुंडकडच्या दुसऱ्या वस्तीत न्यावं. हे सांगायला क्षमा स्वतः डोंगर चढून आली.

"मी तुम्हाला रविवारी येऊ नका म्हणाले," ती म्हणाली. "ते तुम्ही ऐकलं असतंत तर काम आज इथेच चालू असतं. आणि ती आतच असती. मला हे दोन्ही एकत्र गिळता येत नाही, रुक्मिणीताई."

"गिळू नको. जरा चावत ऱ्हव."

क्षमा रडता रडता हसली. "तिकडे याल का माझ्याबरोबर?"

"थंय माझा काय काम? थंयपण कोण तरी आसतली माझ्यासारी. तिका बगा. आणि ती गावली काय मगे तिका घराक पाठवू नको."

वाडीने रुक्मिणीला वाळीत टाकलं नाही. आजकाल तसं कोणी टाकत नाही. फक्त ती काही बोलली की कोणी व्हय म्हणेना, नाय म्हणेना. टाकीवर तिची कळशी शेवटी लागायची. बाजारात बायका आपली पाटी हातभर सरकवून बसायच्या. एका सकाळी तिचं सगळं अळू तुडवलेलं सापडलं. "बकरी शिरली असात," विमला म्हणाली. बकरीच्या पायात चपला नसतात, हे दोघींनाही दिसत होतं.

दिवाळी झाल्यावर अक्षता परत आली. गोळ्यांनी जड झालेली, हात थरथरणारे, जीभ शब्दाच्या मागून येणारी. माहेरच्यांनी ठेवून घेतली नाही. दशरथाने घरात घेतलं. पण दोन गोष्टी सांगितल्या. बाळ तिच्या हातात द्यायचं नाही. आणि रुक्मिणीचं पाऊल या उंबऱ्याच्या आत नको.

दुसऱ्या दिवशी कुंदा सुनेला हाताला धरून बांधापर्यंत घेऊन आली.

"हिका हंय बसव," ती रुक्मिणीच्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाली. "घरात बसली काय तेंका तरास होता. आणि माझ्याकडे बगू नको तशी, माका चुलीर भात आसा." आणि गेली.

तेव्हापासून रोज. वालाचं बी टाकायचे दिवस होते. पावसाची ओल मातीत खोल उतरली होती आणि ती जायच्या आत बी पडायला हवं होतं. रुक्मिणी काठीने भोक पाडायची, अक्षता बी सोडायची. बी भोकात कमी आणि बाहेर जास्त पडायचं. रुक्मिणी काही म्हणत नसे.

घरातून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. दोघी थांबल्या. गोळ्यांनी अक्षताचं दूध आटलं होतं; तरी रडणं ऐकलं की तिचा हात छातीवरची ओढणी सावरायला जायचा.

"काकी," ती म्हणाली, "बाळ माझ्याकडे कधी देतील?"

लवकर, असं म्हणता आलं असतं. गोठ्यात रुक्मिणीने तो शब्द फार ऐकला होता.

"माका म्हायत नाय."

"सकाळी विचारलं मी. बाबा नाही म्हणाले."

"उद्या परत विचार."

"उद्यापण नाहीच म्हणतील."

"म्हणतले. मगे परवा विचार."

घरातलं रडणं चढत होतं. कुंदा काहीतरी गुणगुणत फिरत असावी, आवाज या भिंतीकडून त्या भिंतीकडे जात होता.

"मी विचारताना तुम्ही याल?"

"आत येऊक गावाचा नाय माका." रुक्मिणीने काठी मातीत रोवली. "उंबऱ्याच्या भायर उभी ऱ्हवतलंय. तुका दिसतलंय अशी."

रडणं हळूहळू उतरलं, थांबलं. अक्षताने ओढणीवरचा हात काढला, खाली वाकली, आणि थरथरत्या बोटांनी सांडलेलं बी एकेक वेचायला लागली.